अमर व्हायला निघालेल्यांच्या गावी

शनिवार

मुंबई, बँकॉक, शिआन. उतरले तेव्हा भाचा बाहेर उभा होता. तो इथे मेडिकलला आहे, चिनी बऱ्यापैकी बोलतो, आणि मावशी दिवाळीच्या सुट्टीत येतेय म्हटल्यावर त्याचा पहिला निरोप होता, "भाजणीच्या चकल्या आण, बाकी काही नको." डबा टॅक्सीतच उघडला गेला.

त्याचा बेत तयार होता: मातीचे सैनिक, तटबंदीवर सायकल, मुस्लिम मोहल्ल्यातलं खाणं. मी पर्समधून माझी यादी काढली. ती वाचून म्हणाला, "मावशी, ही सहलीची यादी आहे की स्मशानांची?"

यादी होतीच तशी. माणूस मेल्यावर त्याचं काय होतं, आणि मुळात मरायचंच नसेल तर काय करायचं, या दोन प्रश्नांवर चीनच्या जुन्या ताओ पंथातल्या लोकांनी दोन हजार वर्षं डोकं चालवलं. त्यातली बरीचशी खटपट या शिआनच्या, म्हणजे जुन्या चांगआनच्या, आसपास झाली. राजधानीच ही. पैसा इथे, राजे इथे, आणि मरणाची धास्ती राजांनाच जास्त. शिवाय दक्षिणेला झोंगनानचे डोंगर, पूर्वापार तपस्व्यांचे.

रविवार

तटाच्या पूर्वेला, बाहेरच्या अंगाला 'आठ अमरांचं देऊळ' आहे. रविवारी आणि बुधवारी त्याच्या दारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजारही नेमका याच दोन वारी, तेव्हा घासाघीस बघून मला परकं असं काही वाटलं नाही.

हे आठ जण म्हणजे जन्मजात देव नव्हेत. माणसंच, साधनेने अमर झालेली. त्यात एक बाई आहे, आणि एक लोखंडी कुबडीवाला लंगडा भिकारी. या ली नावाच्या भिकाऱ्याची कथा आपल्याकडच्या परकायाप्रवेशाच्या गोष्टीत सहज खपेल. तो मूळचा देखणा साधक. देह ठेवून आत्म्याने फिरायला गेला आणि शिष्याला बजावून गेला, सात दिवस शरीर राख, नाही परतलो तर जाळ. सहाव्या दिवशी शिष्याच्या घरून आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आणि त्याने गुरूला घाईघाईने अग्नी दिला. गुरू परतला तर देह नाही. जवळ नुकताच मेलेला एक भिकारी पडला होता, त्यात शिरला. अमर झाला खरा, पण लंगडत.

आठांमधला सगळ्यात लाडका ल्यू दोंगबिन. त्याला गुरू भेटला ती दारूची खानावळ इथेच होती, असं सांगणारी शिळा देवळात उभी आहे. गुरू चुलीवर राळ्याचा भात रांधत होता, तेवढ्यात ल्यूला डुलकी लागली. स्वप्नात तो परीक्षा पास झाला, मोठा अधिकारी झाला, लग्न, मुलं-नातवंडं, वैभव, मग राजाची खप्पामर्जी, घरदार जप्त, हद्दपारी. जाग आली तेव्हा राळे अजून शिजायचेच होते. त्याने परीक्षेचा नाद सोडला. भाच्याची परीक्षा जवळ आलेली, म्हणून त्याला ही गोष्ट विशेष आवडली.

अंगणात डोक्यावर अंबाडा बांधलेले, निळ्या कफनीतले साधू लगबगीने ये-जा करत होते. एका खोलीच्या खिडकीशी मी रेंगाळले. आत टेबलाशी एक तरुण साधू पिवळ्या कागदावर ब्रशने लिहीत होता आणि समोर पन्नाशीची बाई बसून सांगत होती. मृताचं नाव, जन्माची वेळ, मृत्यूची तिथी, आणि पत्ता. पत्ता सांगताना ती अडली, तेव्हा साधूने लिहिणं थांबवून इमारतीचा नंबर नीट विचारून घेतला. भाचा कुजबुजला, "कुरिअरसारखं चाललंय." हा अर्ज विधीत जाळतात, म्हणजे तो वर पोचतो. ताओपंथाचं परलोक हे सरकारच आहे: आयुष्याच्या नोंदवह्या, कारकून, दहा न्यायालयं, शिक्के. आणि सरकार म्हटलं की अर्ज नीट भरलेला हवा.

अर्ज कुणासाठी? तर जे अमर झाले नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी. माणसात तीन 'हुन' आणि सात 'पो' असे दहा जीवांश असतात, अशी समजूत. हुन हलके, वर जाणारे. पो जड, देहाबरोबर मातीकडे ओढले जाणारे. मेल्यावर ही मोट सुटते. साधनेने ती एकत्र बांधून ठेवली तो अमर. बाकीच्यांसाठी साधू विधी करतो. त्यात मृताला न्हाऊ घालतात, जेवू घालतात, आणि एका प्रकारात साधू डोळे मिटून स्वतःच्या शरीरातल्या अग्नी आणि पाण्याने मृताचा नवा देह 'शिजवतो'. स्वतःची साधना दुसऱ्याच्या मेलेल्या बापाला वापरायला देणं. ही कल्पना मला फार म्हणजे फारच आवडली.

दुपारी पश्चिम रस्त्यावरच्या नगरदेवतेच्या देवळातही डोकावलो, 1387 सालचं. नगरदेव हा मेलेल्यांचा जिल्हाधिकारी. शहरातलं कुणी गेलं की पहिली पेशी त्याच्यापुढे. आम्ही गेलो तेव्हा तिथे फक्त एक आजोबा बाकावर पेंगत होते.

सोमवार

लिंतोंगला मातीचे सैनिक बघितले. त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. गर्दी प्रचंड. मला ओढ होती ती दीडेक किलोमीटरवरच्या टेकाडाची. चिन शी हुआंग, चीनचा पहिला सम्राट, ज्याच्या राखणीला हे सैनिक पुरले, तो त्याखाली आहे आणि ते अजून कुणी उघडलेलं नाही.

तो ताओपंथी म्हणायचा नाही. पंथ म्हणून ताओवाद उभा राहिला तो त्याच्यानंतर. पण अमरत्वाचं वेड लावणारे मांत्रिक-वैद्य त्याच्या दरबारात होते आणि पुढे ताओपंथाने त्यांचा सगळा संसार उचलला. इ.स.पू. 219 मध्ये त्याने श्यू फू नावाच्या असामीला हजारो मुलंमुली देऊन पूर्वेच्या समुद्रातल्या अमरांच्या बेटांवर औषध आणायला धाडलं. आणखी एक पुरावा हल्लीचा. हूनान प्रांतात 2002 साली एका विहिरीत चिन काळातल्या हजारो लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडल्या, आणि 2017 मध्ये जाहीर झालं की त्यात अमरत्वाचं औषध शोधा या सम्राटाच्या हुकुमाला गावोगावहून आलेली उत्तरंही आहेत. एका गावाने कळवलंय, अजून सापडलं नाही, शोध चालू आहे. दुसऱ्याने आपल्या डोंगरावरची एक वनस्पती सुचवली. सरकारी पत्राला उत्तर कसं द्यायचं हे माणसाला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

इ.स.पू. 210 मध्ये दौऱ्यावर असताना सम्राट मेला. वय 49. बातमी फुटू नये म्हणून प्रेत बंद गाडीत ठेवून राजधानीकडे आणलं. उन्हाळा होता. वास लपवायला सोबत खारवलेल्या मासळीची गाडी. हे सगळं सिमा छिएन या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि त्यानेच हेही लिहिलंय की थडग्यात पाऱ्याच्या नद्या आणि समुद्र वाहते केले होते. 1980 च्या दशकात टेकाडावरच्या मातीची तपासणी झाली तेव्हा मधल्या भागात पारा खरोखरच जास्त निघाला.

टेकाडाभोवती डाळिंबाची झाडं आहेत. भाचा फिरता फिरता पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणं पाठ म्हणून दाखवत होता. हात थरथरणं, हिरड्या सुजणं, झोप जाणं, संशयी आणि चिडका स्वभाव. "बास," म्हटलं, "अर्धे राजे झाले यात."

संध्याकाळी शिआनला परतलो तर शहर वेगळंच. चिनी दहाव्या महिन्याचा पहिला दिवस होता, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपासचा. या दिवशी मेलेल्यांना थंडीचे कपडे पाठवायचे. दुकानातून कागदाचे कोट, विजारी, काहींत कापूससुद्धा घातलेला, आणि कोट्यवधींच्या आकड्यांच्या परलोकी नोटा. चौकात एक बाई खडूने जमिनीवर वर्तुळ काढत होती. पूर्ण नाही, एका बाजूला फट ठेवून. फट आपल्या माणसाच्या कबरीच्या दिशेला. मग वर्तुळात कागदी कोट पेटवला. तेवढ्यात तिने दोन-चार कागद उचलून मुद्दाम वर्तुळाबाहेर टाकले. मी भाच्याला विचारायला लावलं.

"ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "नाहीतर ते आमच्या आजीचा कोट ओढतील."

रस्त्यावर कागद जाळण्याबद्दल हल्ली सरकार कुरकुरतं. काही ठिकाणी त्यासाठी लोखंडी पिंपं ठेवली आहेत. पिंपात खडूचं वर्तुळ कसं काढायचं, हा प्रश्न मात्र कुणी सोडवलेला दिसला नाही.

मंगळवार

शानशी इतिहास संग्रहालय. आगाऊ नोंदणीची कटकट भाच्याने निस्तरली होती. 1970 साली शिआनच्या दक्षिणेला हज्या नावाच्या गावात बांधकाम चालू असताना थांग काळातला (सातवं ते दहावं शतक) एक ठेवा सापडला. सोन्याचांदीच्या वस्तूच पावणेतीनशेच्या घरात. गर्दी नाचणाऱ्या घोड्याच्या चांदीच्या सुरईपाशी. मी मात्र चांदीच्या साध्या गोल डब्यांपाशी अडकले. झाकणाच्या आतून शाईने लिहिलंय: आत काय आहे, प्रत कोणती, वजन किती. आत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याची लाल माती, 'उजळ' आणि 'त्याहून कमी उजळ' अशी प्रतवार. शेजारी गुहेतल्या लवणस्तंभांची भुकटी, जांभळे स्फटिक, आणि औषध शिजवायची चांदीची भांडी. हा कुणा श्रीमंताचा अमर होण्याचा संच. शाई अजून वाचता येते.

या मातीचं त्यांना वेड का लागलं, हे भाच्याने सोपं करून सांगितलं. हिंगूळ तापवला की चकाकता पारा बाहेर येतो. पारा गंधकाबरोबर पुन्हा तापवला की लाल हिंगूळ परत. जळून नाहीसा न होणारा, मरून परत येणारा पदार्थ. सोनं गंजत नाही. मग हे पोटात गेलं तर माणूस का गंजेल? चौथ्या शतकातला गे होंग हा विद्वान हेच मांडतो: झाडपाला स्वतःच कुजतो, तो तुम्हाला काय टिकवणार? तर्क बिनतोड आहे. फक्त माणूस मरतो.

आणि माणूस मेला तरी पंथाकडे उत्तर होतं. गे होंगने अमरांचे तीन दर्जे सांगितलेत. वरचे सदेह आकाशात जातात, मधले डोंगरात वावरतात, तिसरे आधी मेल्यासारखे दिसतात आणि मग कात टाकावी तसे प्रेतातून निसटतात. शवपेटी उघडली तर आत तलवार, नाहीतर काठी, नाहीतर नुसते कपडे. म्हणजे औषध घेऊन जो मेला तो मेला असं सिद्धच करता येत नाही. थांग घराण्यातल्या नवव्या शतकातल्या मूझोंग, वूझोंग, श्वानझोंग अशा सम्राटांचे मृत्यू अशा गोळ्यांशी जोडले जातात, तरी पुढचा गोळी मागवायचाच.

या यादीतलं एक प्रकरण आपल्याला जवळचं. 648 मध्ये वांग श्वान-त्से हा चिनी राजदूत उत्तर भारतातून लढाई करून परतला तो कैद्यांबरोबर नारायणस्वामी नावाचा एक माणूस घेऊन. वय दोनशे, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. सम्राट ताइझोंग एरवी अत्यंत धूर्त. पहिल्या सम्राटाची टिंगल करणारा. पण तब्येत ढासळत चाललेली. त्याने नारायणस्वामीला राजवाड्यात ठेवलं, देखरेखीला थेट युद्धमंत्री, आणि दुर्मीळ वनस्पती-दगड आणायला चारी दिशांना माणसं. औषध तयार झालं. 649 मध्ये सम्राट गेला. पुढे एका मंत्र्याने लिहिलंय की त्या वेळी नामांकित वैद्यांची मती गुंग झाली होती, परक्या वैद्याला ठार मारावं असं ठरतही होतं, पण परदेशात हसं होईल म्हणून सोडून दिलं. आपल्याकडून चीनला बुद्ध गेला हे शाळेत शिकवतात. हे गृहस्थही गेले होते, ते नाही सांगत.

बुधवार

शिआनच्या नैर्ऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर झूआन गाव. मक्याची कणसं दारोदार वाळत पडलेली. इथला छोंगयांग मठ एका काळी ताओपंथातल्या च्वानझेन शाखेचं मूळपीठ होता. आज अंगण मोठं, माणसं थोडी. मंगोल काळातल्या उंच शिळा ओळीने उभ्या आहेत आणि मागे संस्थापक वांग छोंगयांगची समाधी.

या माणसासाठीच मी आले होते. 1113 चा जन्म, खात्यापित्या घरचा, लष्करी नोकरीत किरकोळ पदावर सडलेला, दारूडा. वयाच्या सत्तेचाळीसच्या सुमारास एका गावात दोन अमर भेटले म्हणतात. नंतर, 1161 मध्ये, त्याने जवळच्या गावात जमिनीत स्वतःची कबर खणली, वर मातीचा ढीग रचला, मृतासाठी करतात तशी नावाची पाटी लावली, त्यावर स्वतःला 'वेडा वांग' म्हटलं, आणि आत राहायला गेला. दोन वर्षांहून जास्त. जागेला नाव पडलं, 'जिवंत मेलेल्याची कबर'. चार कोपऱ्यांवर त्याने चार झाडं लावली होती. 1163 मध्ये खड्डा बुजवून तो झोपडीत राहायला गेला. 1167 मध्ये झोपडीही पेटवून दिली, लोक विझवायला धावले तर हा नाचत होता. मग पायी पूर्वेला शानदोंगला गेला, तिथे सात शिष्य मिळाले, त्यातली एक बाई, आणि तीन वर्षांत मेला. चार शिष्यांनी देह इतक्या लांब परत आणला.

मला आळंदी आठवली, पण फरक मोठा. ज्ञानेश्वर काम संपवून आत बसले. हा आधी आत बसला, आणि मग बाहेर येऊन कामाला लागला.

वांगच्या नावावर पंधरा कलमांचं एक छोटं प्रकरण आहे. शेवटच्या कलमात तो म्हणतो की जग सोडणं म्हणजे देहाने सोडणं नव्हे, आणि कधीच न मरता मर्त्यलोकातून जाऊ पाहणारे महामूर्ख आहेत. हजार वर्षं राजे पारा गिळत होते त्याच परिसरात बसून हे लिहिणं सोपं नाही. पारा, भट्टी, गोळी हे शब्द त्याने टाकले नाहीत. भट्टी पोटात नेली. शरीरातलं वीर्य, श्वास आणि चित्त हीच द्रव्यं, ध्यान हाच विस्तव, आणि त्यातून आत एक अमर गर्भ वाढतो, जो मरणाच्या वेळी बाहेर पडतो. देह राहिला तरी हरकत नाही. स्वस्त आणि बिनविषारी.

त्याचा धाकटा शिष्य छ्यू छूजी याची परीक्षा जगातल्या सगळ्यात धोकादायक माणसाने घेतली. चंगीझखानाने त्याला बोलावणं धाडलं. सत्तरी ओलांडलेला साधू वाळवंटं तुडवत 1222 मध्ये हिंदुकुशजवळच्या छावणीत पोचला. खानाने पहिलंच विचारलं, अमरत्वाचं कोणतं औषध आणलंत? छ्यू म्हणाला, आयुष्य जपायचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही. नारायणस्वामीच्या जागी हा असता तर? खान खूश झाला, पंथाला करमाफी दिली. दोघेही 1227 मध्येच वारले.

जिवंत कबरीची जागा मठापासून थोडी दूर, शेतांच्या कडेला. नावाची शिळा आणि मातीचा उंचवटा. लोकप्रिय चिनी कादंबऱ्यांमुळे ही कबर देशभर प्रसिद्ध आहे, पण त्यातला भव्य भुयारी महाल शोधत आलेल्या दोन पोरी तो उंचवटा बघून जाम खट्टू झाल्या होत्या.

गुरुवार

हुआशानचा डोंगर. 2,154 मीटर. आम्ही रोपवेने गेलो, याबद्दल मला अजिबात लाज नाही. वर वारा, कुलपं, लाल फिती, आणि कड्यावर लटकलेल्या फळ्यांवरून चालणारे वेडे. त्यांच्याकडे बघूनच परलोकाचं दर्शन झालं.

पायथ्याशी दहाव्या शतकातल्या छन थ्वान या ताओपंथी साधूची आडवी दगडी मूर्ती आहे, झोपलेली. जुना ताओपंथी विश्वास असा की शरीरात तीन किडे राहतात, आणि दर साठ दिवसांनी एका ठराविक रात्री माणूस झोपला की ते वर जाऊन त्याच्या पापांची चुगली करतात. मग आयुष्य कापलं जातं. म्हणून त्या रात्री जागरण. आणि हा पठ्ठ्या शंभर-शंभर दिवस झोपायचा, तीच त्याची साधना. त्याने आधी सांगून डोंगरात दगडी गुहा खोदवून घेतली आणि 989 मध्ये तिथे देह ठेवला. सात दिवस अंग ऊबदार होतं, असं इतिहासग्रंथ म्हणतो. भाच्याला हा संत एकदम पटला.

शुक्रवार

झोंगनानच्या पायथ्याशी लौग्वानताइ. ताओपंथाचा आद्य गुरू लाओत्से पश्चिमेला निघून जात असताना इथल्या यिन शी नावाच्या अधिकाऱ्याने त्याला थांबवून 'ताओ ते चिंग' हा पंथाचा मूळ ग्रंथ लिहून घेतला, ही परंपरा. टेकडीवरच्या देवळात शिळांवर तो मजकूर कोरलेला आहे. दुसऱ्या एका कोरीव जोडओळीत चौदा अक्षरं आहेत, मुद्दाम घडवलेली, कुठल्याच कोशात न सापडणारी. शाळेत जाणारी चिनी मुलं त्यांच्यापुढे उभी राहून भांडत होती. अर्थ साधारण असा: रत्नाच्या भट्टीत दीर्घायुष्याचं औषध शिजवा, सन्मार्गाच्या साधनेतून आयुष्य वाढवणारी गोळी मिळवा.

लाओत्से इथून गेला तो गेला, नंतर कुणाला दिसला नाही. पंथात तो देवांचा देव. तरी जवळच्याच टेकडीवर त्याची कबर आहे. आम्ही तिथेही गेलो. झ्वांगझी या जुन्या विचारवंताने तर लिहूनच ठेवलंय की लाओत्से वारला तेव्हा एक मित्र भेटायला आला, तीनदा मोठ्याने रडला आणि निघून गेला. शिष्य चिडले: एवढंच? मित्र म्हणाला, तो आला कारण वेळ झाली होती, गेला कारण वेळ झाली होती. हाच झ्वांगझी बायको गेल्यावर मांडी घालून, भांडं बडवत गात बसला होता. पाऱ्याच्या गोळ्या निघायच्या आधीचे हे लोक. त्यांना मरणाची घाईही नव्हती आणि तक्रारही.

कबरीजवळ एक आजी टोपल्यांत किवी घेऊन बसल्या होत्या. हा सगळा झौझी तालुका किवीच्या बागांचा. मी भाच्याला म्हटलं, विचार त्यांना, लाओत्से देव आहे, तो पश्चिमेला निघून गेला, मग इथे कोण आहे?

आजींनी विचारही केला नाही. "तोच."

"मग पश्चिमेला कोण गेलं?"

"तोही तोच," म्हणाल्या, आणि पिशवी उघडून धरली. "दहा युआनला एवढे. हे कडक घ्या, दोन-चार दिवसांत पिकतील, विमानातून नेता येतील."